दिसलं थे सांगाचं

आमच्या वनपालसाहेबांनी सगळ्या नोकरीत एकदाही वाघाचं नाव घेतलं नाही. ते त्याला 'मालक' म्हणायचे. "मालक काल नाल्यावर येऊन गेले," "मालकीण पोट्टे घेऊन फिरून राह्यली, दोन दिवस लाकडाले कोणाले जाऊ देऊ नका." आमच्या झाडीपट्टीत जंगलात पाऊल टाकलं की नाव घ्यायचं नाही ही रीत जुनीच आहे, पण लोक निदान घरी येऊन हातपाय धुतल्यावर वाघाला वाघ म्हणतात. साहेब रेंज ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा म्हणत नसत. एकदा नागपूरहून आलेल्या मोठ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, तुमच्याकडे वाघ किती? साहेब ताठ उभे राहून म्हणाले, "तीन मालक, एक मालकीण." अधिकारी बराच वेळ आमच्या रेंजरकडे बघत राहिले.

"नाव घेतलं का येते," साहेब मला म्हणायचे. "आपून कायले बोलवाचं?"

मी तेव्हा हसायचो. आता मला बावन्नावं चालू आहे आणि मी घाबरलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. सोमवारी माझा रिपोर्ट यायचा आहे. गेले काही दिवस डोळे मिटले की साहेब दिसतात, म्हणून हे लिहायला बसलो.

दिसायला साहेब किरकोळ. उंची बेताची, अंग वाळलेलं, मिशा मात्र दोघांना पुरतील एवढ्या. डिपार्टमेंटचे बूट ते तळवा जमिनीला लागेपर्यंत वापरायचे. डाव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली असायची, त्यामुळे त्यांचा ठसा शंभरात ओळखू यायचा. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात प्लास्टरची पुडी, एक जर्मनचं वाडगं, बिडीबंडल आणि दात कोरायला कडुनिंबाची काडी. पुढे झाडाझाडाला कॅमेरे लागले, वाघांचे फोटो निघायला लागले, तरी पंजाच्या ठशात प्लास्टर ओतून साचा घ्यायचं त्यांचं वेड गेलं नाही. "फोटोत पाय दिसते," ते म्हणायचे, "पायातलं दुखणं नाई दिसत."

त्यांच्या नाकाचे किस्से तर रेंजभर झाले होते. वाघ झाडावर लघवीची पिचकारी मारून आपली हद्द आखतो. तिचा वास आमच्याकडच्या चिन्नोर तांदळाचा भात शिजल्यासारखा येतो. साहेब खोडाला नाक लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "सकाळची हाये." किंवा, "परवाची हाये, पण मालकाची तब्येत बरी नाई." लग्नात पानात चिन्नोरचा भात पडला की हा माणूस हात आखडून बसायचा. "मालकाचा वास येते बापा," म्हणायचा. शेवटी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, धानाच्या बांधीत चिन्नोर लावणंच सोडून दिलं.

एकदा त्यांनी मला एका जुन्या येनाच्या झाडाजवळ उभं केलं. "हे पाह्य. मागच्या साली धार इथपावतर लागे." त्यांनी आपल्या छातीला हात लावला. "आता पाह्य, कुठी हाये." ओल खाली, गुडघ्याच्याही खाली होती. "मालक म्हातारा झाला. धारेत जोर नाई राह्यला. आता एखादा जवान येईन अन् याले हाकलून देईन." यात खरं किती ते मला अजून माहीत नाही. पण त्या दिवशी ते झाडाजवळून लवकर हलले नाहीत.

मी त्यांच्या हाताखाली वनरक्षक म्हणून लागलो तेव्हा मला गाईचा खूर आणि रानगव्याचा खूर यातला फरक कळत नव्हता. साहेबांनी शिकवण्याची एक तऱ्हा काढली. "मी अर्धा घंटा आधी निंगतो. तू मांगून ये. चौकीवर आला का सांग, मी कुठी थांबलो अन् काय केलं." पहिल्या दिवशी मी चार किलोमीटर चालून आलो आणि सांगितलं, साहेब, तुम्ही सरळ आलात.

"सरळ? नालायका, दोनदा बिडी पेटवली, एकदा पायातला काटा काढला, अन् येनाखाली बसून तुले शिव्या देल्या."

"शिव्या कशा दिसतील, साहेब?"

"बसलो होतो थे तर दिसते ना!"

वर्षभरात मी तयार झालो. कुठे थबकले, कुठे वळून पाहिलं, कुठे काडी मोडली, सगळं सांगू लागलो. एखादी गोष्ट लपवली, म्हणजे ते घसरून पडले होते असं काही संकोचाने सांगितलं नाही, तर फार चिडायचे. "दिसलं थे सांगाचं. आवडो का नावडो. जंगलात खोटी खबर देली म्हंजे कोणाचा तरी जीव गेला समज." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याला गणती नाही.

बऱ्याच वर्षांनी, साहेबांच्या निवृत्तीला थोडा काळ राहिला असताना, एका हिवाळ्यातल्या सकाळी मी नेहमीप्रमाणे त्यांच्या मागून निघालो. कच्च्या रस्त्यावर मऊ फुफाटा होता, ठसे अगदी छापल्यासारखे. थोडं चाललो तर डाव्या टाचेचा तो झिजका बूट रस्त्याच्या कडेला वळलेला. दोन्ही बूट शेजारी शेजारी, टाचा खोल रुतलेल्या. माणूस खूप वेळ एका जागी उभा राहिला की टाचा अशा रुततात. पुढ्यात ओल होती, पण धार पडली की फुफाट्यात जो खड्डा पडतो तो नव्हता. नुसते थेंब होते, आणि तेही बुटांच्या टोकापाशीच. मी पुढे गेलो. तीनशे पावलांवर पुन्हा तेच. मग पुन्हा. चौकी येईपर्यंत मी सात जागा मोजल्या.

चौकीवर साहेब चहा करत होते. पाठमोरे होते. "सांग."

"दोन बिड्या, साहेब. मोहाच्या झाडाशी खोड हुंगलं."

"अजून?"

माझ्या जिभेवर आलं होतं. पण बापाच्या वयाचा माणूस, त्याला कोणत्या तोंडाने सांगू की तुमची लघवी अडते आहे? मी म्हणालो, "अजून काही नाही."

साहेबांनी चहात चमचा फिरवला. बराच वेळ फिरवला. "बराबर," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याबरोबरच निघू लागले. ती परीक्षा त्यांनी पुन्हा कधी घेतली नाही.

बरोबर चालायचं म्हणजे त्यांना थांबायला जागा नाही. मग युक्त्या सुरू झाल्या. "तू पुढं हो, मी बांबू पाहून येतो." "तू हो, माह्या बुटात खडा गेला." पाणी पिणं त्यांनी जवळजवळ सोडलं. एप्रिलच्या उन्हातसुद्धा बाटली भरलेली घरी जायची. मी पुढे व्हायचो आणि वळणावर थांबायचो.

अशाच एका सकाळी नाल्याच्या काठाशी ते बांबूच्या बेटामागे गेले. मी वीसेक पावलांवर पाठ करून उभा होतो. एवढ्यात वरच्या झाडावरचं वानर खाकरलं. मग दुसरं. मग पलीकडून चितळाची शीळ. जंगलात नोकरी केलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी हळू आवाजात म्हणालो, "साहेब, चला." मी वळून पाहिलं. साहेब बांबूला एक हात टेकून उभे होते, मान खाली, मानेवर घामाच्या धारा. त्यांना सोडवतही नव्हतं आणि होतही नव्हतं. नाल्यापलीकडे कोरडा पाला वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मी काठी घट्ट धरली, पण तिचा काय उपयोग होता? "साहेब," मी पुन्हा म्हणालो, आणि माझा आवाज मलाच रडका वाटला.

"येऊ दे," साहेब दातांतून म्हणाले. "माह्याच्यानं हलणं नाई होत."

वानरं किती वेळ ओरडत होती कोण जाणे. मग आवाज नाल्यानाल्याने वर सरकत गेला आणि थांबला. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि पँट ओली होती. ती माझ्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी पिशवी पुढे धरली. "मालकाले दया आली," एवढंच बोलले. त्या दिवशी मी वाघाला भ्यालो होतो. चुकीच्या गोष्टीला भ्यालो होतो, हे फार नंतर कळलं.

त्याच उन्हाळ्यात रेंज ऑफिसात तपासणी शिबिर झालं. डॉक्टर तरुण होता, पण नीट समजावून सांगत होता. मूत्राशयाखाली पुरुषांना मोठ्या सुपारीएवढी ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि ते साधंच असतं. पण काहींना तिथे कॅन्सर होतो. वरून दोन्ही सारखंच दिसू शकतं, आणि कित्येकांना सुरुवातीला काहीच त्रास होत नाही, म्हणून तर तो उशिरा सापडतो. रक्त तपासावं लागतं, आणि मागच्या वाटेने बोट घालून ग्रंथी चाचपावी लागते. बोट म्हणताच हशा पिकला. पन्नाशीचे, साठीला टेकलेले बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांना कोपर मारायला लागले. साहेब हसले नाहीत. कॅन्सर हा शब्द आला तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्या कानाशी म्हणाले, "नाव कायले घेते हा माणूस?"

त्यांची पाळी आली. मी शेजारी उभा होतो. डॉक्टरने विचारलं, लघवीला काही त्रास? रात्री किती वेळा उठता?

"काई नाई. घोड्यासारखा हाये मी."

डॉक्टर माझ्याकडे वळला. "तुम्ही दिवसभर यांच्याबरोबर असता ना? खरं आहे का हे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझे साहेब होते, डोळे वटारू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. ते विनवणी करत होते. आणि मी म्हणालो, "हो डॉक्टर. ठणठणीत आहेत."

साहेबांनी 'काही त्रास नाही' लिहिलेल्या कागदावर सही केली, तपासणी टळली आणि आम्ही बाहेर येऊन चहा प्यायलो. चहाचे पैसे त्यांनी दिले नाहीत, मलाही देऊ दिले नाहीत, टपरीवाल्याला म्हणाले लिहून ठेव. फार खुशीत होते. मीही होतो, ही लाज मी कुठे ठेवू?

पुढे गोखरूचा काढा सुरू झाला, ओटीपोटावर पळसफुलांचा शेक सुरू झाला. काकूंना सांगितलं होतं, उन्हाळी लागली. मग कंबर धरायला लागली. कंबर मोटारसायकलमुळे धरते असं त्यांनी ठरवलं, आणि आम्हीही तेच ठरवलं. नाल्यापलीकडच्या गावात एक म्हातारा हाडं बसवायचा, त्याच्याकडून तेल चोळून घेतलं. त्या म्हाताऱ्याने एकदाच कण्यावरून बोट फिरवलं आणि तेलाची वाटी बाजूला ठेवली. "भाऊ, हे माह्या हातचं नाई. तुमी शयरात जा," म्हणाला. साहेब त्याच्यावरच चिडून निघून आले.

पावसाळ्याच्या तोंडाशी नाल्याच्या ओल्या रेतीत पंजाचा ठसा सापडला. मोठा, स्वच्छ. साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी वाडग्यात प्लास्टर कालवलं, गुडघे टेकले आणि ओतायला वाकले. ओतता ओतता थांबले. मला वाटलं ठसा बघताहेत. मग म्हणाले, "हे पाय धर."

"कोणता पाय, साहेब?"

"माहे पाय कुठी हायेत?"

ते उठू शकले नाहीत. मी आणि एका वनमजुराने त्यांना झोळी करून रस्त्यापर्यंत आणलं. वाडग्यातलं प्लास्टर तिथेच घट्ट झालं आणि ठसा अर्धा भरलेला राहिला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सगळं बाहेर आलं. प्रोस्टेटचा होता, आणि कण्यात उतरला होता. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं देऊन काही काळ रोखता येईल, बरा करण्याची वेळ गेली. काकूंनी मला बाजूला नेऊन विचारलं, "तुले तर माईत असन ना बापू, तू संगं राहे. याईले काई होत होतं का?" मी औषधाची चिठ्ठी घेऊन खाली निघून गेलो.

दुपारी वॉर्डात पंखा फिरत होता. साहेबांच्या मिशा कातरून टाकल्यासारख्या बारीक दिसत होत्या. ते छताकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तुले दिसलं होतं ना?"

कोणता दिवस हे मी विचारलं नाही. "हो साहेब."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

मी त्यांची चादर सारखी करू लागलो. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी थांबलो होतो ना. चहा ढवळत. म्हटलं, हा पोट्टा सांगन. त्यानं सांगतलं तर जातो दवाखान्यात. आपल्या तोंडानं निंगत नव्हतं." थोड्या वेळाने विचारलं, "किती जागा होत्या?"

"दोन-तीन असतील, साहेब."

त्यांनी डोळे मिटले. "अजून खोटं बोलून राह्यला."

पुढचा पावसाळा त्यांनी खाटेवर काढला. त्याच्या पुढचा त्यांना दिसला नाही. शेवटपर्यंत त्यांनी त्या रोगाचं नाव घेतलं नाही.

तेराव्याला जेवणं झाल्यावर रेंजमधली तीन माणसं मला वेगवेगळी भेटली. एक गोठ्यामागे, एक विहिरीजवळ, एकाने तर चालता चालता खांद्यावर हात टाकला. तिघांचा प्रश्न एकच होता, "त्यांले आधी काय काय होत होतं?" मी सांगितलं, तपासून घ्या म्हणालो. तिघांनी माना हलवल्या आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांतला एकही गेला नाही. त्यानंतर माझ्या नजरेला एक खोडच लागली. मार्कंड्याच्या यात्रेत बंदोबस्ताला होतो, तर देवळाकडे लक्षच नाही. ट्रकांच्या मागे रांगेने लघवीला उभे असलेले बाप्ये बघत होतो. जवान पोरं येत होती, जात होती, आणि एखादं पांढरं डोकं कितीतरी वेळ तिथेच, एक हात ट्रकच्या फळीला टेकून. असे मी त्या दुपारी बरेच पाहिले. एकालाही काही बोललो नाही.

आणि या हिवाळ्यात माझे स्वतःचे बूट रस्त्याच्या कडेला वळू लागले.

आता मी वनपाल आहे. माझ्या हाताखाली एटापल्लीकडची एक वनरक्षक पोरगी आहे, गोंड घरातली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. नजर अशी की साहेबांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. तिला मी त्यांच्याच तऱ्हेने शिकवतो. मी पुढे, ती मागून. मला काही होत नाही, थंडीमुळे आहे, चहामुळे आहे, असं मी स्वतःला समजावत होतो, म्हणून मी ती परीक्षा बंदही केली नव्हती. किंवा कदाचित मीही थांबलो होतो.

परवा ती चौकीवर आली, पाणी प्यायली आणि उभ्या उभ्या सांगायला लागली. "सर, टेकडीवर चढून तुमी फोन लावून पायला. पुढं अस्वलाची विष्ठा काडीनं उकरली. अन् पाच जागी थांबले. कडेले. बहुत वेळ."

माझे कान तापले. "लाज नाही वाटत?" मी ओरडलोच तिच्यावर.

ती खाली बघत राहिली, पण मागे हटली नाही. "वाटते ना सर. पण तुमीच म्हणता, दिसलं थे सांगाचं." मग म्हणाली, "माह्या आजाले असंच होतं. आमी घरचे सारे पाहून राह्यलो होतो. कोणी बोललं नाई."

दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूर गाठलं. डॉक्टरने विचारलं, काही त्रास? "काही नाही" हे शब्द अगदी ओठांवर तयार होते, इतकी वर्षं जणू ते तिथेच बसून होते. मी म्हणालो, "चार किलोमीटरमध्ये पाच वेळा थांबतो. धारेत जोर नाही. दोन महिने झाले." मग टेबलाची कड धरून विचारलं, "प्रोस्टेटचा कॅन्सर असेल का?" नाव घेतल्यावर मी खरंच एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाला, असेलच असं नाही, पुष्कळदा साधी वाढ निघते, पण तपासल्याशिवाय मी सांगणार नाही.

रक्त घेतलं. मग कुशीवर निजवलं. ज्या तपासणीला भिऊन साहेबांनी जीव घालवला, ती एक बिडी पेटवायला लागतो तेवढ्या वेळात संपली.

मी पँट सावरून बाहेर आलो आणि भिंतीशी असलेल्या बाकावर बसलो. रिपोर्ट सोमवारी मिळेल असं आत सांगितलं होतं. शेजारी एक म्हातारा आपला नंबर यायची वाट पाहत बसला होता. त्याने ऐकलं तर ऐको, असं म्हणून मी मोठ्याने बोललो.

"सात, साहेब. सात जागी थांबला होतात तुम्ही."